मुंबईत उतरायचे कुठे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





परीक्षेच्या तयारीवर चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना आहे. अभ्यासाविषयी शिक्षक मंडळी सांगतातच. मी आज परीक्षेच्या आदल्या रात्रीविषयी बोलणार आहे. ती रात्र मुंबईत कुठे काढायची, याचा विचार आपण करीतच नाही.

आपल्या कोकणातला माणूस मुंबईस निघाला की त्याचा पत्ता ठरलेला. डोंगरी, माझगाव, नळबाजार, मोहम्मद अली रोड. मामा तिथे, चुलते तिथे, कुठे गावच्या जमातीची खोली तिथे. ही वहिवाट कशी पडली? आपले आजे-पणजे आगबोटीने जात आणि भाऊच्या धक्क्यावर उतरत. त्यांतले कितीतरी जण जहाजांवर खलाशी, कितीतरी गोदीत कामाला. जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या बॅलार्ड इस्टेटला. हजची जहाजेसुद्धा १९९५ पर्यंत मुंबई बंदरातूनच सुटत. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी जागा निवडली ती कामावरून. आपण त्यांची जागा तेवढी धरून ठेवली आणि त्यांचा हिशेब सोडून दिला.

आज आगबोट नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तिच्या गाड्या कोणती सी.एस.एम.टी.ला, कोणती दादरला, कोणती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जाऊन थांबते. आपल्या मुलांचे कामही आता धक्क्यावर नाही. कुणाचे परीक्षा केंद्र पवईला, कुणाचे कांदिवलीला. विद्यापीठाची जुनी इमारत फोर्टात असली तरी बरेचसे विभाग कालिन्याला आहेत.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. त्याचे केंद्र पवईला होते, वार रविवार, वेळ दुपारची. उतरायला डोंगरीचा पत्ता मीच लिहून दिला होता. नातेवाइकांनी प्रेमाने ठेवून घेतले, जेवूखाऊ घातले. सँडहर्स्ट रोडहून धीम्या लोकलने कांजूरमार्ग, तिथून रिक्षा, असा त्याचा बेत होता. परंतु रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, हे ना त्याला ठाऊक, ना मला आठवले. गाडी जलद मार्गावर वळवली होती, ती कांजूरमार्गला थांबलीच नाही. पोर भांडुपला उतरून परत फिरेपर्यंत केंद्राचे फाटक बंद झाले होते. एक वर्ष गेले. त्याने मला शब्दाने विचारले नाही; पण चूक माझी होती, हे मी जाणून आहे. आज येथे उभा आहे तो त्यासाठीच.

म्हणून पालकहो, मुक्कामाची जागा ठरवताना नात्याच्या आधी काम पाहा. काम फोर्टात किंवा जे. जे. रुग्णालयात असेल, तर डोंगरीसारखी सोयीची जागा नाही. वाशी-बेलापूरलाही सँडहर्स्ट रोडवरून हार्बरची गाडी थेट जाते. पण बोरिवलीला जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते, आणि चर्चगेट ते बोरिवली हे अंतरच सुमारे ३४ किलोमीटर आहे. पवईचे काम असेल तर साकीनाका, मरोळ, घाटकोपर बरे. घाटकोपर ते अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून आहे. कालिन्यासाठी कुर्ला किंवा सांताक्रूझ जवळ.

दुसरी गोष्ट, गर्दीची दिशा. सकाळी मुंबईची गर्दी उपनगरांतून दक्षिणेकडे येते, संध्याकाळी उलट जाते. सकाळी दहाला फोर्टात पोहोचायचे असेल तर ठाण्या-कल्याणला उतरू नका. नवख्या मुलाला त्या गाडीत पाय ठेवता येणार नाही.

तिसरी, शेवटचा टप्पा. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या पुढेच, म्हणजे उपनगरांतच मिळते. शहरात टॅक्सी किंवा बस. पावसाळ्यात हिंदमाता, शीव, कुर्ला येथे पाणी साचते. २६ जुलै २००५ कुणी विसरले नसेल. जून-जुलैत काम असेल तर केंद्रापर्यंत पायी जाता येईल अशीच जागा पाहा. आदल्या दिवशी एकदा केंद्रावर जाऊन फाटक पाहून या.

चौथी, झोप. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडची रौनक सहरीपर्यंत असते. ती अवश्य पाहावी, पण पेपर झाल्यावर. नमाजेची आणि जेवणाची चिंता करू नका. कुर्ला, वांद्रे, जोगेश्वरी, साकीनाका, सगळीकडे मशिदी आहेत आणि आपले खाणेही मिळते.

रुग्णाला घेऊन जाणाऱ्यांनाही हेच सांगणे. टाटा रुग्णालय परळला आहे. रोज मुंब्र्याहून आजारी माणसाची ने-आण करू नका. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची सोय करते. धर्मशाळा हे नाव ऐकून बिचकू नका, जाऊन विचारा.

आता मुलींविषयी, आणि हे मी विशेष आग्रहाने सांगतो. "उतरायचे कुठे?" या एका प्रश्नापायी आपल्या कितीतरी मुली फॉर्म भरूनही परीक्षेला जात नाहीत. डोंगरीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सात माणसे, तिथे मुलीला कसे ठेवायचे, म्हणून बाप घरी बसवतो. बापाची अडचण खोटी नाही. पण तिचे उत्तर घरी बसवणे हे नव्हे. केंद्राजवळ एक साधी, स्वच्छ खोली दोन रात्रींसाठी घ्या, आईला बरोबर पाठवा. खोली आधी फोन करून ठरवा, दोघींची ओळखपत्रे बरोबर द्या, लोकलला महिलांचा डबा आहे. खर्च येईल, हे खरे. एका मेजवानीचा खर्च कमी केला तर तो भागेल.

राहता राहिला नातेवाइकांचा रुसवा. मामांना आधीच सांगा, "पेपर झाला की तुमच्याकडेच जेवायला येतो." आणि खरोखर जा, दोन दिवस राहा. पाहुणचाराला वेळ असते, फाटकाला नसते.

इल्म मिळवणे पुरुष आणि स्त्री दोघांवरही आहे, हे आपण दर सभेत ऐकतो. मग त्या वाटेवरच्या एका रात्रीच्या निवाऱ्याचा विचार करणे, हेही आपल्यावरच आहे. परीक्षेचे प्रवेशपत्र घरी आले की त्या दिवशी बापलेकांनी, मायलेकींनी नकाशा पुढे घेऊन बसावे, एवढीच माझी विनंती.

अल्लाह आपल्या मुलांना यश देवो. आमीन. खुदा हाफिज.