गव्हर्नरचा स्क्रू
(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचे आपण नेहमीच बोलतो. आज खर्चाचे बोलायचे आहे, आणि तेही अशा खर्चाचे की जो सरकारने आपल्यावर लादलेला नाही. इंजिनाच्या एका स्क्रूबद्दल मी बोलणार आहे.

घोड आणि भीमेच्या काठचा ऊस बाजूला ठेवला, तर पाबळ-कान्हूरकडे काय किंवा दौंडच्या दक्षिणेला काय, आपला गडी जिरायत. ज्वारीला एखादे पाणी मिळाले तर मिळाले. विहिरीत पाणी असते त्या चार दिवसांत वीज नसते. मग डिझेल इंजिन चालू करायचे. मळणीलाही इंजिनच, नाहीतर भाड्याचा ट्रॅक्टर. अशा वेळी घाई असते, आणि घाईत कोणीतरी सांगतो, "गव्हर्नरचा स्क्रू आवळ, रेस वाढेल, काम लवकर उरकेल."

राजभवनातला गव्हर्नर काय काम करतो हे तुम्हीच ठरवा. इंजिनातला मात्र क्षणभरही बसून राहत नाही. फिरत्या दांड्यावर दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात. पाळण्यात बसलेला माणूस फेकला जातो तशीच. समोर एक स्प्रिंग त्यांना आत दाबत असते. वजने बाहेर गेली की दट्ट्या सरकतो, डिझेल पंपाची दांडी मागे येते, डिझेल कमी होते. वेग उतरला की उलटे. जेम्स वॉटने 1788 साली वाफेच्या इंजिनाला हीच युक्ती लावली होती. खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिथली आपल्याकडची नेहमीची पंपाची इंजिने 1500 फेऱ्यांची. मोठ्या चाकाची लिस्टर बनावटीची जुनी इंजिने 650 फेऱ्यांची. दोन्हींत तत्त्व एकच. मोटारसायकलमध्ये हेच काम विजेचा डबा करतो, जास्त रेस केली की ठिणगी किंवा पेट्रोल तोडतो. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत, 50 अश्वशक्तीच्या वर, 2023 पासून धुराचे नियम कडक झाले, आणि तिथे बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर डिझेल मोजून देतो.

आता स्क्रू आवळला म्हणजे काय केले? त्या स्प्रिंगचा जोर वाढवला. वजने पूर्वीच्या वेगाला बाहेर येत नाहीत, इंजिन 1500 च्या जागी 1800 फिरते. तुम्ही म्हणाल, पाचवा हिस्साच वाढला. तसे नाही. 1500 फेऱ्यांना पिस्टन मिनिटाला 3000 वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. प्रत्येक वेळी कनेक्टिंग रॉडला हिसका बसतो, आणि हा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग सव्वापटही नाही, पण हिसका जवळजवळ दीडपट, 1.44 पट. धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला वरून दाबणारे काही नसते, सगळा ताण रॉडच्या दोन बोल्टांवर येतो. बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर. जुन्या इंजिनाचे ओतीव चाक फुटले तर माणूसही जातो.

आणि मिळते काय? पंपाचा ढोबळ नियम असा की पाणी वेगाच्या पटीत वाढते, पण त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. एक-पंचमांश वेग वाढवला तर ताकद 1.73 पट लागते. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाने साडेआठ कुठून आणायची? ते काळा धूर ओकते. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजे तुमचे पैसे. विहीर खोल गेली असेल तर पंप पाणी ओढतच नाही, नुसता कडकडतो. पंप खाली उतरवून ओढ कमी करा, फूटव्हॉल्व्ह साफ करा, त्याने जास्त पाणी येईल.

मळणीचे तर याहून वाईट. ट्रॅक्टरचा पीटीओ 540 फेऱ्यांचा, आणि तो इंजिनाच्या कोणत्या वेगाला मिळतो ते मीटरवर दाखवलेले असते. भाडे तासावर असले तर चालकाला घाई नसते. पोत्यावर असले की तो रेस चढवतो. मग मालदांडीचा दाणा फुटतो. फुटका दाणा आडत्याला दाखवा, काय भाव सांगतो बघा. हा तोटा मशीनवाल्याचा नाही, तुमचा. म्हणून माझे म्हणणे आहे की गावाने भाडे ठरवतानाच वेगही ठरवावा. पहिले पोते निघाल्यावर मूठभर दाणे हातावर घेऊन सर्वांसमोर बघावेत, आणि फुटलेला दाणा दिसला तर मशीन थांबवावे. शेंगा-कापूसवाल्यांनीही ऐकावे. रोटाव्हेटर लावून पऱ्हाटी गाडताना हाच पीटीओ आणि हाच मीटर असतो.

गव्हर्नरचे खरे मोल पट्टा सुटतो त्या क्षणी कळते. भार एकदम गेला की इंजिन उधळते. वजने बाहेर येऊन डिझेल तोडतात, आणि तुम्ही धावत जाईपर्यंत सगळे शांत झालेले असते. इंजिन आपोआप झोके खात असेल, वर-खाली होत असेल, तर डिझेलमध्ये हवा आहे किंवा दांडी अडकते आहे. ते आधी बघा.

पण गव्हर्नर शाबूत आहे म्हणून इंजिन झिजणार नाही, असे समजू नका. त्याला फक्त वरची हद्द राखता येते. लायनर आणि रिंगा खातो तो मातीचा धुरळा, तो एअर क्लीनरच्या घाणेरड्या तेलातून आत जातो. सुरू केल्याबरोबर भार टाकला तर तेल पोचण्याआधीच धातू धातूला घासतो. इंजिन दबून, कण्हत चालवले तरी बेअरिंगे जातात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विहिरीचे गार पाणी भरपूर सोडून इंजिन थंडगार ठेवले, तर लायनरला दव धरते, डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल होते आणि लोखंड कुरतडले जाते. बाहेर पडणारे पाणी हाताला चटका बसेल इतके गरम असावे.

दोन ठिकाणी गव्हर्नर हतबल असतो. भरलेली ट्रॉली घेऊन ओढ्याच्या उतारावर खालचा गिअर टाकला, की चाकेच इंजिन फिरवतात. तो डिझेल बंद करतो, पण चाकांना कोण आवरणार? गिअर उतार लागण्याआधी टाकायचा. दुसरे, रिंगा झिजून किंवा एअर क्लीनरात तेल जास्त भरल्याने इंजिन स्वतःचेच तेल प्यायला लागले, तर डिझेल बंद करूनही ते पळत सुटते, निळा-पांढरा धूर सोडत. तेव्हा हवा बंद करायची. तोंडावर फळी किंवा जाड ओले पोते दाबायचे, हात नाही. जमत नसेल तर लांब पळायचे.

हे शिकायला पुण्याला जायला नको. याच शिरूर तालुक्यात पाबळला 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला, खेड्यातल्या पोरांनी हाताने काम करत शिकावे म्हणून. आपल्या पोरापोरींना पाना धरू द्या.

बाहेर चिंचेखाली एक इंजिन ठेवले आहे. जेवणानंतर त्याचे झाकण काढू. ज्यांच्या इंजिनाचे शिशाचे सील तुटलेले आहे त्यांनी पुढे उभे राहावे, आणि येताना आणलेली माहितीची पुस्तिका हातात ठेवावी, म्हणजे फेरे मोजून जागच्या जागी जुळवता येतील.