वेबपानावरची उलगडती यादी

सात-बाराचा उतारा मोबाइलवर पाहायचा, तर आपण आधी जिल्हा निवडता, मग तालुका, मग गाव. साताऱ्यावर बोट ठेवलं की अकरा तालुके खाली उतरतात, सांगलीवर ठेवलं की दहा. फडताळाचं दार उघडावं आणि आतले कप्पे दिसावेत, तशी ही उलगडती यादी. वेबपानाच्या माथ्यावर असते तिला मेनू म्हणतात. पुढच्या सगळ्या वाटा तिथूनच फुटतात. आपल्याकडचे कितीतरी शिक्षक आता शाळेची वेबपानं स्वतः तयार करतात. म्हणून ही यादी कशी बांधावी, ते आज सांगणार आहे.

आधी माझीच चूक सांगतो. एका शाळेसाठी मी असं पान केलं होतं. माउसचा बाण नावावर नेला की यादी उलगडे. मोठी ऐटबाज दिसे! शिष्यवृत्तीचा अर्ज त्या यादीत होता. एका पालकांनी गावाकडे फोनवर पान उघडलं. आता फोनला बाण कुठला? नावावर बोट टेकवताच दुसरंच पान येई, आतली यादी दिसतच नसे. अर्ज नाहीच असं समजून ते गप्प बसले, आणि मुदत निघून गेली. यादी अडली म्हणजे नुसती शोभा जात नाही, बरं का. मुलाचा हक्क जातो.

हा घोळ जुना आहे. वेबपान दाखवणारा जो कार्यक्रम, त्याला ब्राउझर म्हणतात. १९९७ साली नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या दोन ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या निघाल्या. पानावरची वस्तू हाती धरायला एकाला ‘लेअर्स’ म्हणावं लागे, दुसऱ्याला ‘ऑल’. एका यादीसाठी स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरला द्यायच्या सूचना, दोनदा लिहाव्या लागत. १९९८ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सर्वांसाठी एक बोली ठरवली. पण ती रुळायला वर्षं लागली. कळ दाबली की स्क्रिप्टला कळवण्याची प्रमाण रीत एक्स्प्लोररने २०११ साली, नवव्या आवृत्तीत स्वीकारली. तोवर लिहिणारे आधी ब्राउझरचं नाव विचारत आणि नावावरून काम सांगत. पण नावावर भरवसा काय ठेवायचा? क्रोम आपली ओळख देताना मोझिला आणि सफारी हीही नावं सांगतो!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सर्व जातींची मुलं एका पंगतीला बसत. ब्राउझरांच्या बाबतीतही हाच धडा घ्यावा. कोण, कुठला, हे विचारू नये. ‘हे काम तुला येतं का?’ एवढंच विचारावं. येत असेल तर सांगावं. न येईल त्यालाही साधी भाकरी मिळालीच पाहिजे.

ही साधी भाकरी कोणती? एचटीएमएलमध्ये लिहिलेली सरळ यादी. ‘सातारा’ लिहा आणि त्याच्या पोटात कराड, वाई, पाटण, माण असे तालुके, प्रत्येकाला आपापला दुवा. तसंच सांगलीचं. यादी लांब होईल, पण कुठल्याही ब्राउझरात सगळ्या वाटा चालू राहतील.

मग स्क्रिप्ट. आतल्या याद्या मिटण्याचं काम तिनेच येऊन करावं. खोऱ्यात रेंज तुटली आणि स्क्रिप्ट पोचलीच नाही, तर यादी उघडी राहील, कुणाचं अडणार नाही. जिल्ह्याचं नाव तिने खऱ्या बटणात ठेवावं. बटणाचा गुण असा की माउस असो, बोट असो, की एंटरची कळ, तिन्हींची वर्दी ‘क्लिक’ या एकाच नावाने येते. एकदा दाबलं की यादी उघडावी, पुन्हा दाबलं की मिटावी. एस्केप दाबलं तरी मिटावी. आणि यादी उघडी की मिटलेली, हे बटणावर ‘एरिया-एक्सपांडेड’ या खुणेने नोंदवावं, म्हणजे अंध वाचकाला पान वाचून दाखवणारा कार्यक्रम ते बोलून सांगतो.

तालुक्यांची नावं मात्र स्क्रिप्टमध्ये कोंबू नयेत. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळालं. पुढे पलूस, कडेगाव हे तालुके निघाले. नावं बदलतात, वाढतात. ती यादीतच असली म्हणजे गुरुजींनी एक ओळ घालावी की झालं. स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

पान तयार झालं की तीन गोष्टी करा. माउस बाजूला ठेवून नुसत्या कळांनी फिरून पाहा. स्क्रिप्ट बंद करून पाहा. आणि गावातला सर्वांत जुना फोन घटकाभर मागून घ्या, त्यावर पाहा. तिन्ही वेळा शिष्यवृत्तीचा अर्ज सापडला, तर यादी नीट बांधली असं खुशाल समजा.