अर्धवट आरसा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात व्यक्त केलेले मनोगत)



कमिटीने सांगितलं, "काका, पंचवीस वर्षांतली एखादी आठवण सांगा." बी विंगमधल्या जुन्या मंडळींना माझ्या बाल्कनीतला ड्रम आठवत असेल. आज त्याचीच कबुली द्यायची आहे.

2011 साली मी निवृत्त झालो आणि दुर्बिणीचा आरसा घरीच घासायला घेतला. आठ इंच व्यासाच्या दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. ड्रमभोवती फिरत वरची काच खालच्या काचेवर घासत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते. किती? मधोमध जेमतेम दोन मिलिमीटर! 80 नंबरची भरड पूड, मग 120, 220, असं बारीक करत जायचं आणि शेवटी पॉलिश. गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांना मी शब्द देऊन बसलो, "उन्हाळ्याच्या सुट्टीत शनीची कडी दाखवतो."

पॉलिश होत आलं आणि भरड पुडीचा एक कण कुठूनसा आला. काचेवर लांब ओरखडा! पुन्हा मागच्या नंबरपासून सुरुवात. मग आकार जमेना. हॉलमध्ये आठ फुटांवर दिवा आणि दाढीचं ब्लेड लावून तपासायचो. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी चूकसुद्धा तिथे दिसते. पुढे मोतीबिंदू झाला, मग गुडघे. "गणपती झाले की बसतो," असं दरवर्षी म्हणायचो. कोणी विचारलं तर राग यायचा. आमची ही एकदा म्हणाली, "पूर्ण करा नाहीतर देऊन टाका, पण त्याच्याकडे बघून कण्हू नका."

2024 मध्ये त्या पोरांपैकी एक जण लेकीला घेऊन भेटायला आला. हसत म्हणाला, "काका, शनी राहिलाच की हो!"

त्या रात्री झोप लागली नाही. मला आरसा घासायचा होता की शनी दाखवायचा होता? 2017 साली शनीची कडी पुरेपूर उघडी होती. साधी तयार दुर्बीण घेतली असती तरी पोरांनी डोळे भरून पाहिली असती. तेव्हा माझी काच फडक्याखाली होती. चुकलं ते आरसा अर्धवट राहिला यात नाही, मी तो सात-आठ वर्षं उशिरा सोडला यात.

काच, पुड्या, सगळं एका कॉलेजातल्या खगोलप्रेमी मुलांना दिलं. तयार दुर्बीण आणली. गेल्या डिसेंबरात गच्चीवर शनी दाखवला, तर कडी नेमकी आपल्याकडे कडेने! ए विंगमधली चिमुरडी म्हणाली, "आजोबा, हे तर काडी टोचलेलं बोर आहे." तरी रांग जिन्यापर्यंत होती.

चिकाटी सोडा असं मी म्हणत नाही. पण हातातलं काम थांबून नुसता अपराधीपणा उरला, की ते ज्याच्यासाठी घेतलं होतं त्याची आठवण करा. ते दुसऱ्या वाटेने होत असेल तर खुशाल सोडा.

ड्रममध्ये आता सोसायटीचं खत होतं. कडी पुन्हा पूर्ण उघडतील 2032 च्या सुमाराला. मी एकोणऐंशीचा असेन. तोवर कमिटीने लिफ्ट गच्चीपर्यंत न्यावी, एवढीच विनंती.