काहून विचारलं नाहीस?



मुख्याध्यापक सरांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘नर्सिंगमधील करिअरच्या संधी’. मी तीन पानं लिहून आणली आहेत. पण मघाशी या स्टेजवर जे पाहिलं, त्याबद्दल आधी बोलते.

सावित्रीबाई फुल्यांचं नाटुकलं चाललं होतं. सावित्रीबाई झालेल्या मुलीला वाक्य आठवेना. पदराचं टोक तिनं बोटाला दोनदा गुंडाळलं, सोडलं. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. तेवढ्यात तिच्या शेजारी पाटी धरून उभी असलेली मुलगी, तोंड प्रेक्षकांकडेच ठेवून, ओठ जेमतेम हलवून, पुढचे दोन शब्द बोलली. सावित्रीबाईंची गाडी सुरू झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते कळलंही नसेल. मला कळलं, कारण छत्तीस-सदतीस वर्षं मी हेच केलं आहे आणि माझ्यासाठी दुसऱ्यांनी हेच केलं आहे. पाटीवाली मुलगी कुठे आहे? हां, तू. उभी राहा गं जरा. टाळ्या हिच्यासाठी वाजवा.

आणि ते नाटुकलं सावित्रीबाईंवर फेकलेल्या शेण-दगडांपाशी संपवू नका, ही ते बसवणाऱ्या बाईंना विनंती. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाईंचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या बाजूला एक आजारी पोर पडलं आहे असं कळल्यावर सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांचं शेवटचं काम शुश्रूषेचं होतं. पुढच्या वर्षी तो प्रवेश जरूर घ्या.

माझं गाव नळगंगेच्या काठी. तिथून या शाळेत आम्ही चौघी पायी यायचो. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघीच उरायचो, बाकीच्या दोघी वावरात. दप्तरात ज्वारीची भाकर आणि ठेचा, फडक्यात बांधलेला. शाळेला तेव्हा टिनाचं छत होतं, पाऊस आला की सर फळ्यावर लिहून शिकवायचे, कारण बोललेलं ऐकूच यायचं नाही. आमचे गणिताचे सर शनिवारचा शेवटचा तास मोकळा ठेवत. त्याला आम्ही ‘शंकेचा तास’ म्हणायचो. त्या तासाला सर शिकवत नसत, खुर्ची खिडकीशी घेऊन बसत आणि वाट बघत. कुणी विचारेपर्यंत अख्खा वर्ग गप्प. मी तर कधीच विचारलं नाही. माझ्या शंका माझी मैत्रीण विचारायची. मी तिच्या वहीच्या कोपऱ्यावर प्रश्न लिहायची आणि ती बिनधास्त उभी राहायची. ती आज उजवीकडे, आशा सेविकांच्या घोळक्यात बसली आहे. तिनं पाळण्यात पाहिलेली पोरं आता मोटरसायकली चालवतात. विचारायची हिंमत तिच्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती, म्हणून पुढे काय झालं ते आता सांगते.

बारावीनंतर मलकापूरहून रात्रीची गाडी धरून वडिलांनी मला मुंबईला पोचवलं. जनरल नर्सिंगला नंबर लागला होता. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी उभी राहिले आणि म्हणाले, “मॅडम, काहून असं करतात?” वर्ग हसला. ‘का’साठीचा आमचा ‘काहून’ हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. मॅडम हसल्या नाहीत, पण मी खाली बसले ती दोन वर्षं उठलेच नाही. कळलं नाही तरी मान हलवायची, घरी पत्रात ‘सर्व ठीक’ लिहायचं.

दुसऱ्या वर्षाची नाईट ड्युटी. चाळीस खाटांचा वॉर्ड, एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही दोघी विद्यार्थिनी. सकाळच्या चहाआधी एका आजीला इन्शुलिन द्यायचं होतं. केसपेपरवर इंग्रजीत चारचा आकडा आणि त्याला चिकटून ‘यू’ हे अक्षर, म्हणजे चार युनिट. घाईत लिहिलेला तो ‘यू’ वरून मिटला होता. मला शून्य दिसलं. मी चाळीस वाचलं. तेव्हाच्या बाटलीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असायची आणि सिरिंजही चाळीसचीच. मी ती काठोकाठ भरली. भरताना हात अडखळला, कारण एवढं इन्शुलिन मी कुणाला देताना पाहिलं नव्हतं. शंका आली होती, हे मी आज तुमच्यासमोर कबूल करते. स्टाफ सिस्टर दहा पावलांवर टेबलाशी बसल्या होत्या. मी विचारलं नाही.

ट्रे घेऊन मी आजीच्या खाटेशी पोचले आणि मागून माझ्या मनगटावर हात पडला. सिस्टरनी लांबूनच भरलेली सिरिंज पाहिली होती. आजीसमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. “हिची सुई बदलायची आहे,” असं आजीला सांगून त्यांनी मला ट्रेसकट स्टोअररूममध्ये नेलं. त्या सिंधुदुर्गातल्या होत्या, सगळ्यांशी आपल्या मालवणीतच बोलायच्या. मला म्हणाल्या, “इचारूक पैसे पडतत काय गो?”

मी रडले. त्यांनी रडू दिलं, मग चार युनिट भरायला लावली, स्वतः पाहिली, आणि आजीला इन्शुलिन माझ्याच हातून द्यायला लावलं. सकाळी इन्चार्ज सिस्टरना घडलेलं त्यांनीच सांगितलं, मला शेजारी उभं करून. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात दोन गोष्टी ठरल्या. इन्शुलिन दोघींनी बघितल्याशिवाय टोचायचं नाही, आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. आज हा नियम जगभर शिकवतात. मी तो स्टोअररूममध्ये शिकले.

पोरींनो, इथे नीट ऐका. ती आजी माझ्या अडाणीपणामुळे मरणार नव्हती. मला इन्शुलिन काय असतं ते माहीत होतं, परीक्षेत मार्कही होते. ती मेली असती तर माझ्या लाजेनं मेली असती. म्हणून सांगते, विचारा. शंका आली की थांबा आणि विचारा. काहून म्हणा, कशाला म्हणा, का म्हणा, तुमच्या बोलीत विचारा, पण विचारा.

त्याच सिस्टरनी मला पुढच्या महिन्यात एक शंभर पानी वही दिली. हॉस्टेलमध्ये ती सीनियरकडून ज्युनियरकडे जायची. किती जणींच्या अक्षरात होती ती! एका पानावर औषधांची मापं, पुढच्या पानावर रात्री अडचण आली तर कुठल्या डॉक्टरांना उठवलं तरी ते ओरडत नाहीत त्याची यादी. शीर सापडत नसेल तर हात आधी कोमट फडक्यात गुंडाळ. पेशंट गेल्यावर नातेवाइकाला उभं ठेवून सांगू नको, बसव, मग सांग. रात्री तीन वाजता चहा पी, तीन ते चार हीच चुकांची वेळ. पाळीत फार दुखत असेल तर सांग, ड्युटी बदलून घेऊ. यातलं कुठल्या पुस्तकात आहे? मीही त्यात अकरा पानं लिहिली आणि वाशिमकडून आलेल्या एका मुलीला ती वही दिली. तिनं पुढे कुणाला दिली, मी विचारलं नाही. वही पुढे गेली एवढं मला पुरेसं होतं.

२०२० सालच्या कोरोनाच्या उन्हाळ्यात मी अधिसेविका होते. पीपीई किट चढवलं की कोण कोण आहे ते कळायचंच नाही, म्हणून आम्ही एकमेकींच्या पाठीवर मार्करनं नाव लिहायचो. आपलं नाव आपल्याला आपल्या पाठीवर लिहिता येत नाही, दुसरीच लागते. नव्यानं भरती झालेली एक मुलगी रोज किट घालायच्या आधी थरथरायची. तिच्या पाठीवर नाव लिहिणारी सीनियर नावाखाली गावाचंही नाव लिहायला लागली. मग वॉर्डातले पेशंट तिला गावावरून हाक मारायला लागले. ती मुलगी टिकली, आजही नोकरीत आहे.

एकमेकींना सांभाळणं कुठवर जातं, तेही सांगते. अरुणा शानबाग यांचं नाव इथल्या मोठ्यांना आठवत असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून कपडे बदलायला गेल्या असताना तिथल्याच एका कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. मुंबईतल्या नर्सेस तेव्हा संपावर गेल्या, कामाच्या जागी सुरक्षितता मागितली. ती मागणी आजही आपण करतो आहोत, आणि मुलगी नर्स होणार म्हणून घाबरणाऱ्या आईला मी कधी वेड्यात काढत नाही. पण त्यानंतरचं ऐका. त्या १८ मे २०१५ पर्यंत जगल्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आल्या त्याही निवृत्त झाल्या. हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही नव्हता, अशा मुलींनी त्यांना मऊ केलेलं अन्न भरवलं. त्यांच्या पाठीला बेडसोर होऊ दिला नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस घरी असलेल्यांना विचारा याचा अर्थ काय. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, दिवसा आणि रात्री, बेचाळीस वर्षं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा त्या नर्सेसच्या सेवेचा निकालात गौरवानं उल्लेख केला. आमच्या पिढीनं मुंबईत काम केलं ते हे डोळ्यांसमोर ठेवून. आपली एक पडली, तर तिची कूस कोण बदलणार, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला माहीत होतं.

आता सरांच्या विषयाकडे वळते. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि सीईटी द्यावी लागते. जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते, म्हणजे दार कुठेच बंद होत नाही. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, एम्सची परीक्षा, जर्मन शिकून जर्मनी, सगळे रस्ते आहेत. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का ते पाहिल्याशिवाय एक रुपया भरू नका. ‘प्रवेश करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हातात मूळ मार्कशीट देऊ नका. आणि पोरांनो, हे तुमच्यासाठीही आहे. वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून हाक येते तेव्हा रोग्याला किती आधार वाटतो, ते मी पाहिलं आहे. बाकीचं तीन पानांत आहे, बाईंकडे देते, फलकावर लावा.

मघाच्या शिट्टीबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसवत नाही. कुणी वाजवली ते मला नको आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं. तिथल्या मुली, त्यातल्या कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जायच्या. असाच एक वार्षिक समारंभ होता, बक्षीस घ्यायला एक केशवपन केलेली विधवा मुलगी मंचावर आली आणि गॅलरीतल्या कॉलेजच्या मुलांनी तिची हुर्यो केली. रमाबाई एरवी फार मृदू बोलणाऱ्या. त्या उठल्या आणि त्या शिकलेल्या मुलांना त्यांनी भर सभेत ऐकवलं, की तुम्हाला शिकलेले म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाळांनो, ज्या पोरीला लोक हसतील म्हणून विचारता येत नाही, तिच्या हातात उद्या तुमच्या आजीची सिरिंज असेल. मी त्या मुलींपैकी होते.

मुख्याध्यापक सर, शंकेचा तास पुन्हा सुरू करा. आठवड्यातून एकच द्या. शनिवारचाच द्या. गणिताचे आमचे सर आज नाहीत, पण त्यांच्या सूनबाई पहिल्या रांगेत आहेत, त्या शिक्षिकाच आहेत असं आत्ता कळलं. बाई, खुर्ची खिडकीशीच ठेवा.

आणि मागे उभ्या असलेल्या मायबाईंना एकच सांगायचं आहे. पोरगी हॉस्टेलमधून फोनवर ‘सर्व ठीक आहे’ म्हणाली की फोन ठेवू नका. “आज कोणाला काय विचारलं?” एवढं विचारा. माझ्या आईकडे फोन नव्हता.

मी काल मोताळ्यात उतरल्यावर बसस्टँडजवळच्या दुकानातून ही दोनशे पानी वही घेतली. बारावीतल्या किती जणींना नर्सिंगला जायचं आहे? हात वर करा. सात, आठ... तो मागचा हात मुलाचा आहे का? ये बेटा पुढे, नऊ. ही वही तुम्हा नऊ जणांची. सध्या पाटीवाल्या मुलीकडे ठेवा, ती अजून लहान आहे, पण तिला देणं जमतं. पहिली चार पानं मी रात्री लिहिली आहेत. पहिल्या पानावर माझा फोन नंबर आहे. रात्री दोनला करा, तीनला करा. इतक्या वर्षांच्या नाईट ड्युट्यांनंतर मला त्या वेळी जागच असते.