डॉ. कोटणीस आणि वाटेतला उपचार



सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे नाव तुमच्या कानावरून गेलेच असेल. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपट काढला. आज त्यांची सगळी कथा सांगत नाही. त्यांच्या कामातली एकच गोष्ट सांगतो, कारण तिचा आपल्या वावरांशी संबंध आहे.

१९३८ साली जपानने चीनवर केलेली स्वारी चालू असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यात आपल्या नागपूरचे डॉक्टर चोळकर होते आणि कोटणीसही होते. कोटणिसांचे वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. मुंबईच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडले होते आणि पुढच्या परीक्षेचा विचार चालला होता.

मुंबईच्या इस्पितळात रोगी डॉक्टरकडे येतो. चीनमध्ये जखमी शिपाई डोंगरात पडलेला. रस्ता नाही, मोटार नाही. चार माणसांच्या खांद्यावरून तो इस्पितळात पोचेपर्यंत जखम चिघळलेली असायची. नॉर्मन बेथून नावाच्या कॅनडाच्या शल्यवैद्याने यावर तोड काढली होती. शस्त्रक्रियेचे सामान खेचरांवर लादायचे आणि लढाईच्या जवळ न्यायचे. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यात विष भिनले आणि १९३९ च्या नोव्हेंबरात ते गेले. त्यांच्याच मुलखात कोटणीस आले. १९४० च्या लढाईत त्यांनी तीन दिवस न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. चिनी भाषा ते शिकले होते; कुठे दुखते हे विचारायला दुभाषा कुठवर शोधणार? १९४१ च्या आरंभी बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या आजाराने तिथेच वारले. तेव्हा वय अवघे बत्तीस.

लढाई नसली तरी जखमी माणसाची वाट आपल्याकडेही लांबच आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मजूरबाई आणली. पऱ्हाटीत निंदताना पायाला घोणस चावली होती, म्हणजे आपली परड. घरच्यांनी पायाला चऱ्हाट करकचून आवळले, आधी मंत्र टाकणाऱ्याकडे नेले, मग बंडी, मग कोणाची तरी गाडी. चार तास गेले. बाई वाचली, पाऊल मात्र कापावे लागले. तिचा मुलगा मला विचारतो, “डॉक्टरसाहेब, आमी तं चांगलंच केलं न जी?” काय सांगू त्याला? माया होती, घाई होती, फक्त माहिती नव्हती.

तेव्हा ऐकून ठेवा. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. जोडवी, पैंजण, अंगठी लगेच काढा, नंतर सूज येते. माणसाला चालवू नका. बाजेवर निजवून न्या आणि चावलेला हातपाय हलू देऊ नका. सापाच्या विषावरची लस दवाखान्यातच मिळते.

फवारणीचे तर तुम्हाला सांगायलाच नको. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याने ते दुःख पाहिले आहे. फवारताना चक्कर, मळमळ किंवा अंधारी आली, की त्याला वाऱ्याला दूर घ्या, अंगावरचे कपडे उतरवा, साबणपाण्याने अंग धुवा. विष पोटात गेले असेल तर जबरदस्तीने ओकारी काढू नका. औषधाची बाटली सोबत न्यायची, डॉक्टरला ती फार उपयोगी पडते.

१०८ क्रमांकाची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. फोनला पैसे पडत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. गुरुजींना एक विनंती. मुलांकडून हा क्रमांक पाठ करून घ्याच. पण आपल्या गावाचे, तालुक्याचे आणि फाट्याचे नाव फोनवर स्पष्ट सांगायचीही सवय लावा. आमच्या भागात एकाच नावाची दोन-दोन गावे आहेत, आणि गाडी भलत्याच फाट्याला उभी राहिलेली मी पाहिली आहे. रात्रीची वेळ असेल तर एखाद्या मोठ्या पोराला टॉर्च देऊन फाट्यावर पाठवा.