पहिल्या शिकारीचे काडतूस

(मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी जेव्हा आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा संतवाङ्मयाची किंवा निदान प्रवासवर्णनाची असावी. आम्ही ‘काडतूस’ असे सांगताच ते क्षणभर गप्प झाले. परंतु जबलपुरात हा विषय निघण्यात वावगे ते काय? समोरच्या पहिल्या दोन रांगांत बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांनी उभी हयात खमरियाच्या कारखान्यात आणि गन कॅरेजमध्ये घालविली आहे. दारू किती ग्रेन आणि गोळी किती ग्रेन हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक. आम्ही मूळचे बी. ए., तेही इतिहास घेऊन. पुढे केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आकडे तपासण्यात केस पांढरे केले. तेव्हा आज जे सांगणार ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर एकदा चूक करून ती नीट समजून घेतलेला मनुष्य म्हणून.

प्रारंभी एक खुलासा. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा परवाना हा प्रकारच संपला. ते उत्तम झाले, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही किंतु नाही. आम्ही बोलणार आहोत ते आफ्रिकेच्या दक्षिण भागाविषयी, विशेषतः नामिबियाविषयी. तेथे १९७५ च्या कायद्याने शेतमालकास आपल्या कुंपणातील ठराविक जातींच्या हरणांवर हक्क मिळाला. गुरांना चारा ठेवण्यासाठी ज्या हरणांना पूर्वी हुसकावले जाई, तीच मग मालक जतन करू लागला, कारण त्यांचे मोल त्याच्या पदरात पडू लागले. हे सर्वांना पटेल असे नाही. आमच्या सौभाग्यवतींस अजून पटलेले नाही.

प्रतिनियुक्तीवर आम्ही विंडहुक येथे तीन वर्षे काढली. त्या मुक्कामात एका परिचिताच्या ओळखीने उत्तरेकडील एका शेतावर शिकारीचे निमंत्रण आले. शेत म्हणजे आपल्या कल्पनेतील शेत नव्हे. तांबडी माती, काटेरी बाभळींचे रान, मैलोगणती कुंपण आणि क्वचित एखादी पवनचक्कीची विहीर. तेथील मैदानी शिकारीत वाघसिंह येत नाहीत, येतात ती हरणे आणि त्यांचे सगेसोयरे. पहिल्या खेपेस जाणाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते. स्प्रिंगबॉक नावाचे हरीण आपल्या काळविटाएवढे, चाळीस किलोंच्या आसपास. गेम्सबॉक दोनशेच्या पुढे. कुडूचा नर आपल्या सांबराच्या तोलाचा, अडीचशेपर्यंत जाणारा. आणि एलंडचा नर तर सातशे किलोंवर जातो. सकाळी बाहेर पडताना यांपैकी कोण समोर येईल हे ठाऊक नसते, आणि खांद्यावर रायफल एकच असते. तेव्हा चाळीस किलोंच्या जनावराच्या चिंधड्या उडू नयेत आणि सातशे किलोंचे जनावर जखमी होऊन निसटू नये, असे एकच काडतूस कोणते?

आमच्यासारख्या नवख्याचे उत्तर ठरलेले असते. जितके जोरदार तितके बरे. त्या परिचिताने आपली .३०० विंचेस्टर मॅग्नम देऊ केली आणि आम्ही ती हर्षभराने घेतली. आमचा पूर्वानुभव काय? कॉलेजात राष्ट्रीय छात्रसेनेची .२२ आणि पुढे रायफल क्लबात अधूनमधून काही रविवार. शेतावर पोहोचल्यावर मालकाने रीतीप्रमाणे निशाणावर गोळ्या झाडावयास लाविल्या. पहिल्या गोळीने खांदा हादरला, तिसरीने तो निळा पडला, आणि पाचव्या गोळीपासून चाप ओढण्याच्या क्षणी आमचे डोळे आपोआप मिटू लागले. ही गोष्ट आम्हांस त्या वेळी कळलीच नाही. टेकू घेऊन झाडल्यामुळे कागदावर भोके ठीक पडली होती. मालकाने मान डोलावली आणि आम्ही कृतकृत्य झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमारास गेम्सबॉकचा एक नर दृष्टीस पडला. अंतर सुमारे एकशे चाळीस मीटर. तीन काठ्यांच्या तिवईवर रायफल टेकवून आम्ही नेम धरला. खटका दाबताना खांदा आधीच मागे सरला, डोळे मिटले, आणि गोळी फऱ्यात न लागता पोटात लागली. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला सांगावयास नको. जनावर पाठीचा कणा वाकवून निघून गेले.

पुढचे सात तास आम्ही विसरू शकत नाही. शेतावरचा माग काढणारा दामारा जमातीचा वृद्ध गडी पुढे, मालक त्याच्या मागे, आणि आम्ही सर्वांच्या मागे, मान खाली घालून. पहिल्या अर्ध्या तासात रक्ताचे थेंब होते, नंतर तेही थांबले. त्या वृद्धाने केवळ खुरांच्या ठशांवरून, दगडाळ जमिनीवर दोनदा माग हरवून पुन्हा शोधून, दुपारी तीननंतर एका झुडपाखाली बसलेला तो नर दाखविला. तो उठला. जखमी गेम्सबॉकच्या सरळ, भाल्यासारख्या शिंगांना तेथील जाणती माणसेही वचकून असतात. मालकाने आपल्या जुन्या रायफलीने एकाच गोळीत ते संपविले. त्या रायफलीचे काडतूस .३०-०६ होते. मालक आम्हांस काहीच बोलला नाही. रात्री जेवणानंतर मात्र त्याने शांतपणे विचारले, की पहिल्या खेपेस एवढी मोठी बंदूक आणण्याचा सल्ला तुम्हांला कोणी दिला? आमच्यापाशी उत्तर नव्हते. रीत अशी, की जखमी केलेले जनावर मिळो अगर न मिळो, त्याचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. पैशांचे आम्हांस काही वाटले नाही. ते सात तास त्या मुक्या प्राण्याने कसे काढले असतील, हे मात्र वाटत राहिले.

त्यानंतर वर्षभर आम्ही हिशेबनिसाच्या चिकाटीने या विषयामागे लागलो. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

नामिबियाचा कायदा काडतुसाचे नाव सांगत नाही, नळीच्या तोंडाशी गोळीची शक्ती किती असावी ते सांगतो. स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरास किमान १३५० ज्यूल, कुडू, गेम्सबॉक, विल्डबीस्ट, एलंड यांस २७००, आणि रानरेडा वा हत्ती यांस ५४००. आता गोळीचे वजन आणि वेग घेऊन हिशेब मांडा. खमरियातील मंडळी तो तोंडी करतील. .२४३ चे शंभर ग्रेनचे काडतूस साडेसव्वीसशे ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे स्प्रिंगबॉकला पुष्कळ आणि कुडूला थोडक्यात अपुरे. सात बाय सत्तावन्न मि. मी. हे जुने मॉझर काडतूस एकशे चाळीस ग्रेनच्या गोळीसह तीन हजारांच्या घरात. .३०-०६ हे एकशे ऐंशी ग्रेनच्या गोळीसह सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने जाऊन जवळजवळ चार हजार ज्यूल देते. आमची ती मॅग्नम पावणेपाच हजारांच्या आसपास. आणि १९१२ पासून आफ्रिकेत सर्वकामी म्हणून गाजलेली .३७५ हॉलंड अँड हॉलंड साडेपाच हजारांच्या पुढे. म्हणजे हरणांसाठी कायद्याला जे हवे ते मॉझरमध्येही आहे आणि .३०-०६ मध्ये तर पुरून उरते. मॅग्नमचे वरचे सातआठशे ज्यूल आम्ही कशासाठी विकत घेतले होते? केवळ आमच्या खांद्यासाठी! .३७५ चा धक्का तर .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट असतो. ज्याला रानरेडाही मारावयाचा आहे त्याने तो सोसावा, हरणांसाठी त्याची गरज नाही.

येथे कोणी जाणता श्रोता म्हणेल, की करामोजो बेलने हजारांहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुतेक .२७५ रिग्बीने, म्हणजे याच सात मिलिमीटरच्या मॉझर काडतुसाने. मग शक्तीचा प्रश्नच कोठे उरला? आपल्या जिम कॉर्बेट साहेबांनाही चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ साली जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच होती. हे सर्व खरे. पण बेलने हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता, गोळी तो मेंदूत घाली, तीही न फुटणारी कठीण गोळी, आणि त्याचा नेम विरळा होता. त्याच्या पराक्रमावरून नवख्याने काडतूस ठरविणे म्हणजे तानसेनाचे गाणे ऐकून तानपुरा विकत घेण्यासारखे आहे. त्यातून घ्यावयाचे एवढेच, की गोळी कोठे लागते हे ती कितीची आहे याहून मोठे.

आणि कोठे लागावी, हेही आफ्रिकेत थोडे निराळे आहे. तेथील हरणांचे काळीज व फुप्फुसे छातीत पुढे आणि खाली, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये असतात. पुढच्या पायाच्या रेषेत वर जाऊन छातीच्या तळापासून एकतृतीयांश उंचीवर नेम धरावा. फऱ्याच्या मागे, बरगड्यांत मारण्याची सवय असलेला मनुष्य तेथे फसतो. गेम्सबॉक आणि विल्डबीस्ट यांच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो. तो पाहून डोळा जनावराचा मध्य वर धरतो आणि गोळी कण्यावरून निघून जाते. नेम फऱ्याच्या हाडातून जावयाचा, म्हणून ते हाड फोडून पुढे जाणारी गोळी हवी.

काडतुसापेक्षा गोळीची निवड अधिक महत्त्वाची ठरते ती यामुळे. साधी शिशाची मऊ गोळी फार वेगाने हाडावर आदळली की वरच फुटते आणि मांस नासवते. अमेरिकेतील जॉन नोस्लर यांना १९४० च्या दशकात मूस जातीच्या मोठ्या हरणाच्या चिखलाने माखलेल्या कातड्यावर आपल्या गोळ्या फुटताना दिसल्या, तेव्हा त्यांनी गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घालून पुढचा भाग पसरेल व मागचा टिकेल अशी रचना केली. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून विकली जाते. आता अखंड तांब्याच्या आणि शिसे आवरणाला जोडून टाकलेल्या गोळ्याही मिळतात. यांपैकी कोणतीही एकशे पासष्ट वा एकशे ऐंशी ग्रेनची .३०-०६ मध्ये घातली की स्प्रिंगबॉकपासून कुडूपर्यंत निश्चिंत, आणि अंतर कमी ठेवल्यास एलंडही. कळपात मात्र जपावे. अशी गोळी आरपार जाते आणि पलीकडच्या जनावरास लागते.

.३०-०६ कडे आमचा कल होण्याचे दुसरे कारण अगदी व्यवहारी आहे. १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले हे काडतूस. रूझवेल्ट १९०९ च्या सफरीत ते घेऊन गेले, हेमिंग्वेनेही १९३३–३४ मध्ये नेले. आज दक्षिण आफ्रिकेत व नामिबियात कोणत्याही गावच्या दुकानात ते मिळते. विमानात सामान हरवले तरी अडत नाही. .३०८ ही तितकेच सुलभ आणि हरणांसाठी जवळजवळ तितकेच समर्थ आहे. धक्का किंचित कमी. पण ते ७.६२ च्या सैनिकी काडतुसाचे भावंड असल्यामुळे भारतातील सामान्य परवानाधारकास त्याचा सराव करता येत नाही. .३०-०६ चा करता येतो. आपल्या घरोघरी असलेल्या .३१५ विषयी कोणी विचारील. खडकीच्या काडतुसांनी ती भरते हे आम्हा मराठी माणसांना कौतुकाचे. पण जड, सावकाश गोळीची ती बंदूक दीडशे मीटरपलीकडे फार खाली मारते. .३०-०६ दोनशे मीटरवर लावून ठेवली तर शंभरावर चारपाच सेंटिमीटर वर आणि तीनशेवर वीतभर खाली, एवढाच फरक. तीनशेवर मारू नयेच, पण दोनशेपर्यंत नवख्याला गणित करावे लागत नाही.

पुढच्या मोसमात आम्ही त्याच शेतावर गेलो. मालकाचीच जुनी .३०-०६ भाड्याने घेतली; पहिल्या खेपेस हाच मार्ग बरा, असे आता वाटते. तत्पूर्वी विंडहुकजवळच्या मैदानावर साठ गोळ्या झाडल्या होत्या, टेकूवरून थोड्या आणि तिवईवरून उभ्याने बहुतेक सर्व. एका दिवशी दहाहून अधिक कधीच नाही, आणि मधूनमधून मित्राकडून रिकामी रायफल हाती घेऊन, डोळे मिटतात का ते तपासून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुडूचा एक वयस्क नर बाभळीच्या आडून बाहेर आला. अंतर नव्वद मीटर. आम्ही गोळी झाडली आणि या वेळी, आयुष्यात प्रथमच, गोळी लागताना डोळे उघडे असल्यामुळे ती कोठे लागली हे दुर्बिणीतून पाहिले. तो चाळीसएक पावले धावला आणि कोसळला. तो वृद्ध दामारा गडी माग काढावयास निघाला होता. चार पावलांवर थांबून त्याने हसून आमच्याकडे पाहिले.

मांसाचा एक वाटा त्याच्या घरी गेला, बाकीचे शेतावर वाळविले. शिंगे आणण्याचा खटाटोप आम्ही केला नाही. काडतुसांची वीस नगांची पेटी घेतली होती, त्यातले एक खर्च झाले. उरलेली एकोणीस मालकाच्या कपाटात ठेवून आम्ही परतलो.