चौदा दिवसांत शिकोकू



जपानच्या शिकोकू बेटावर जायचे ठरले आणि आम्हां उभयतांचा पहिला तंटा नकाशावरच झाला. या बेटाभोवती ८८ मंदिरांची यात्रा आहे. कूकाई ऊर्फ कोबो दाइशी (७७४–८३५) या साधुपुरुषाच्या नावाने ती चालते. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. पायी जायचे तर चाळीसएक दिवस हवेत, आमच्याजवळ चौदा! बसने सारी मंदिरे लवकर उरकतात खरी. पण ते दर्शन म्हणावे की हजेरी?

तेव्हा आम्ही पहिली बाराच मंदिरे पायी धरली. अकराव्याहून बाराव्याची वाट डोंगरातली, बारा-तेरा किलोमीटरची. यात्रेकरूला लोळवणारी म्हणूनच ती ओळखली जाते. आमच्यातल्या एकाचा गुडघा दुखरा, म्हणून तिला अख्खा दिवस दिला आणि पुढचा दिवस विश्रांतीला. हातातली काठी म्हणजे सोबतीला आलेले स्वतः दाइशी, अशी तिथली श्रद्धा. म्हणून मुक्कामी आधी काठीचे टोक धुवायचे, मग आपले पाय! वाटेवरचे लोक फळ, चहा पुढे करतात, ते नाकारायचे नसते. वारीला गेलेल्यांस हे सांगायला नकोच.

मग इया खोऱ्यातला वेलींचा पूल. दर तीन वर्षांनी तो नव्याने बांधतात. तिथले डोंगर लालपिवळे दिसावेत म्हणून नोव्हेंबर निवडला. शेवटी मात्सुयामा शहरी, दोगोच्या ऊन पाण्यात गुडघा शेकायचा. शिमान्तो नदी मात्र यादीतून खोडावी लागली. त्यावरचा तंटा अजून मिटलेला नाही.